टोपी उचलायची वेळ

रविवारी संध्याकाळी आम्ही हरलो, आणि सोमवारी दुपारी ड्वेन वही उघडून बसला, आम्ही खरं तर हरलोच नाही हे सिद्ध करायला.

ड्वेनने तीस वर्षं गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला आणि निवृत्त झाल्यापासून तो आमची डोकी खातो. आमचे फटके एक्केचाळीस, त्यांचे बावीस. आमचा पक, म्हणजे हॉकीतली ती रबरी चकती, दोनदा गोलच्या खांबाला लागून परत आला. न्यायाने बघायला गेलं तर आम्हीच जिंकलो, म्हणाला. न्यायाने बघायला गेलं तर तुला वही घेऊन बाहेर बसवायला हवं, असं मी एरवी म्हटलं असतं.

आमच्या हेमलॉक बे गावच्या कॉलेजची आइस हॉकी टीम बाद फेरीत हरली की दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवण असतं. खेळाडू येतात, आणि हिवाळाभर त्यांच्या नावाने घसा फोडणारे आम्ही म्हातारे येतो. खिमा-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीसारखी पॅस्टी, कोबीची कोशिंबीर, पातळ कॉफी. आणि मग चुका काढणं. कोचला अक्कल नाही, पंच आंधळे, उजवीकडून खेळणारा तो उंच पोरगा प्रेमात पडल्यापासून कामातून गेला. दरवर्षी यात मी सगळ्यांच्या पुढे. लॉर्ना पेंगेली म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी, ओरडायची सवय काय अशी जाते?

पण त्या दुपारी मी पॅस्टी चिवडत गप्प बसले होते. शेजारी सिग्ने होती, आणि तिच्या मांडीवर तिच्या नवऱ्याची, वाल्डीची टोपी. हिरवी, विणलेली, वर नारिंगी गोंडा. तिनेच विणलेली.

टोपीचं सांगते. आमच्यातला कुणी हंगाम चालू असताना वारला, तर रिंकवरची त्याची खुर्ची दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्याची टोपी खुर्चीच्या पाठीवर चढवतात आणि ती शेवटच्या सामन्यापर्यंत तिथेच राहते. झाडणारेसुद्धा तिला हात लावत नाहीत. शेवटचा भोंगा वाजला, खेळाडू बर्फावरून गेले, की शेजारच्या खुर्चीवाल्याने टोपी दोन्ही हातांनी उचलायची, त्याचं नाव घ्यायचं आणि सांगायचं, हंगाम संपला, चल घरी. मग टोपी घरच्यांकडे द्यायची. दफन आधीच झालेलं असतं, ते वेगळं. आमच्या लेखी माणूस जातो तो टोपी उचलली की.

वाल्डी नोव्हेंबरात गेला, अंगणातला बर्फ उपसताना. एकोणीस वर्षं तो माझ्या डाव्या हाताला बसला, आणि एकोणीस वर्षं माझ्याच गाडीतून रिंकवर आला-गेला. माझ्या नवऱ्याला हॉकीचा कंटाळा होता. तो फ्लोरिडाला गेला तो तिकडेच रमला. वाल्डी पुढे बसायचा आणि पट्टा कधी म्हणून लावायचा नाही. दोन मैलांसाठी कशाला, म्हणायचा. गाडी सारखी टिंग टिंग करायची, मी सारखी त्याच्यावर ओरडायचे. वर गाडी थांबायच्या आधीच दार उघडून पाय बाहेर. शाळेची पोरं परवडली.

सिग्नेने उभ्या जन्मात एक सामना पाहिला नव्हता. काठ्या घेऊन घसरणारी पोरं, एवढीच तिची समजूत. पण वाल्डी गेल्यावर ती प्रत्येक सामन्याला यायला लागली, टोपीच्या पलीकडच्या खुर्चीवर. मला वाटलं, दुःख आहे, बसू दे. एक मात्र मी पाहत होते. रिंकच्या खुर्च्या माणूस उठला की खटकन मिटतात, आणि वाल्डीची मिटत नव्हती. रिकामी असून हिवाळाभर उघडीच. स्प्रिंग गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

जानेवारीत एका सामन्यानंतर सिग्ने गाडीत माझ्या शेजारी बसली, पट्टा लावला, आणि हातमोजे काढता काढता म्हणाली, की आपण घरी पोहोचल्यावर अर्ध्या तासाने मागच्या दारात बुटांचा बर्फ झटकल्याचा आवाज येतो. दोनदा. वाल्डी झटकायचा तसाच. फक्त सामन्याच्या दिवशी.

"दार उघडून बघितलंस?" मी विचारलं.

"नाही. उघडलं आणि कुणी नसलं तर मग काय करू?"

मी गाडी सुरू केली. त्यानंतर सिग्ने गुणतक्ता वाचायला शिकली. कोण जिंकलं की आपण बाद फेरीत जाऊ, हे ड्वेनच्या आधी ती सांगायची. लोक म्हणायचे, बघा, म्हातारपणी कसं वेड लागलं. वेड कसलं? टीम जिंकली की तिचा नवरा आणखी एक आठवडा घरी येणार, एवढा साधा हिशेब होता.

बाद फेरीत तीन सामने, दोन जिंकेल तो पुढे. शुक्रवारी जिंकलो, शनिवारी हरलो. रविवारी तिसरा, दोन-दोन बरोबरी, ओव्हरटाइम. ज्याचा गोल आधी, तो जिंकला. सिग्नेने माझं मनगट धरलं होतं, म्हणजे टोपीवाल्या खुर्चीवरून हात आडवा टाकून, आणि बाई गं, तिथे खुर्चीवर हात गेला की गारठा लागायचा तो बर्फाचा नव्हता.

आणि आमच्या गोलपुढे गर्दी झाली, पाच-सहाजण एकावर एक पडले, आणि गोल झाल्याचा लाल दिवा लागला.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले, एका हाताने वाल्डीची टोपी ओरबाडून काढली आणि ओरडले, "संपलं सगळं! जा, तू पण जा आता!"

वाल्डीची खुर्ची खटकन मिटली.

सिग्ने माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात भोंग्यातून निरोप आला की पंच तो गोल पुन्हा तपासताहेत. पाच मिनिटं सगळं रिंक पंचांकडे डोळे लावून. मग पंचाने दोन्ही हात आडवे केले. त्यांच्या खेळाडूने पक पायाने आत ढकलला होता. गोल रद्द, खेळ चालू. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मी पण हसले, मूर्खासारखी, आणि टोपी परत खुर्चीच्या पाठीवर चढवली. खुर्ची मिटलेलीच राहिली. मी पाहिलं ते, पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चार मिनिटांनी त्यांच्या एकाने मैदानाच्या मध्यावरून पक असाच टोलवून दिला. लहान पोराने अडवला असता. आमचा गोलकीपर ग्रेडी सरळ उभा होता, मान वर करून, आमच्या बाजूला बघत. पक त्याच्या पायांमधून आत गेला.

त्यानंतर मी टोपी उचलली. दोन्ही हातांनी उचलली, पण बोलू काय? मिटलेल्या खुर्चीला काय सांगू, चल घरी म्हणून? मला लाज वाटत होती. तशीच मुकाट्याने टोपी सिग्नेच्या हातात दिली.

आता चर्चच्या तळघरात ड्वेन सांगत होता की शेवटच्या गोलाला जगात कुणाकडे उत्तर नसतं. सिग्ने माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "काल तो आला नाही. मी उजाडेपर्यंत स्वयंपाकघरात बसले होते."

मी पॅस्टीची ताटली बाजूला सारली.

तेवढ्यात ग्रेडी आमच्या टेबलाशी आला. तेवीस वर्षांचा, कॉलेजातलं शेवटचं वर्ष, डोळे सुजलेले. तो टेबलाटेबलाशी जाऊन सगळ्यांची माफी मागत होता. ड्वेनसुद्धा वही मिटून म्हणाला, जाऊ दे रे, होतं. पण ग्रेडी माझ्यापाशी थांबला.

"मिसेस पेंगेली, तुम्ही सी रांगेत बसता ना? काल तुमच्याजवळचे ते आजोबा सापडले का?"

"कुठले आजोबा?"

"तो गोल रद्द झाला ना, त्यानंतर ते जिन्यात उभे होते. डोक्यावर टोपी नाही, काही नाही. दोन पायऱ्या खाली यायचे, परत वर जायचे. कुठे जायचं ते कळत नसल्यासारखे. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं पडतील. मी कुणाला तरी खूण करणार होतो, आणि..." तो थांबला. "कारण सांगत नाहीये मी. चूक माझीच आहे."

"अंगात काय होतं त्यांच्या?" सिग्नेने विचारलं.

"तपकिरी जॅकेट. कोपराला रुपेरी चिकटपट्टी लावलेली."

सिग्नेने टोपीचा गोंडा मुठीत घट्ट धरला. ती चिकटपट्टी मी वाल्डीच्या कोपराला लावताना पाहिली होती. आणि त्याच जॅकेटात त्याला पुरताना पण पाहिलं होतं, कारण सिग्ने म्हणाली होती, सुटात त्याला अवघडल्यासारखं होईल.

ग्रेडीला मी सांगितलं, की आजोबा सापडतील, आणि चूक तुझी नाही. माझ्या तोंडून असं काही ऐकायची त्याला सवय नव्हती. तो घाबरल्यासारखा निघून गेला.

त्या दिवशी पाच वाजता रिंकचं बर्फ गोठवणारं यंत्र बंद करून बर्फ वितळवणार होते, आणि मग सप्टेंबरपर्यंत कुलूप. मी सिग्नेला हाताला धरून उठवलं. साडेतीन वाजले होते.

रिंकवर काम करणारी माणसं चहाला गेली होती. दार उघडं होतं, अर्धे दिवे बंद. रिकाम्या रिंकला एक वास असतो, ओल्या रबराचा. आम्ही सी रांगेत गेलो. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या, वाल्डीचीही. मी त्या खुर्चीकडे बघून नाव घेतलं, तर माझा आवाज छताला लागून परत आला, बस्स.

सिग्नेने माझी बाही ओढली. तिने बोट दाखवलं, पार पलीकडच्या टोकाला, पाहुण्यांच्या बाजूला. तिथे अगदी वरच्या रांगेत कोपऱ्यात एकच खुर्ची उघडी होती.

एकोणीस वर्षांत वाल्डी त्या बाजूला कधी फिरकला नव्हता. तिकडे बसणारे लोक माणसातले नाहीत, असं तो म्हणायचा. वाट चुकल्याशिवाय तो तिथे जायचा नाही, आणि वाट मीच चुकवली होती.

आम्ही वळसा घालून गेलो. सिग्नेच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपत नव्हत्या, तरी ती चढली. खुर्चीजवळ तोच गारठा. मी टोपी पाठीवर चढवली.

"वाल्डी," मी म्हटलं, "माझ्या जिभेला हाड नाही, तुला माहीत आहे. मी तुला जा म्हटलं, ते रागाने म्हटलं. चुकले मी." मग दोन्ही हातांनी टोपी उचलली. "वाल्डी, हंगाम संपला. चल घरी."

काही झालं नाही. खाली कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग खुर्ची मिटली, खटकन नाही, हळूच, धरून मिटवल्यासारखी.

आम्ही उतरलो. बाहेरच्या दाराशी सिग्ने थांबली आणि दार धरून उभी राहिली, मी बाहेर पडल्यावरही जरा वेळ. मग तिने दार सोडलं. गाडीशी आल्यावर ती पुढे बसेना. मागचं दार उघडून आत शिरली.

"हिवाळाभर पुढे मी बसले," ती म्हणाली. "त्याला बिचाऱ्याला दोन मैल चालत यावं लागलं असेल."

मी गाडी सुरू केली. शेजारची जागा रिकामी. रिंकच्या आवाराबाहेर पडलो आणि टिंग टिंग सुरू झालं.

मी त्या दिव्याकडे पाहिलं. पट्ट्याचा लाल दिवा, शेजारच्या खुर्चीचा. माझ्या तोंडातून सवयीने निघालं, "पट्टा लाव रे, वाल्डी!" मागे सिग्ने हसली. नोव्हेंबरपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांच्या गल्लीच्या वळणावर मी वेग कमी केला, तेव्हा मागून तिचा हात माझ्या खांद्यावर आला.

"लॉर्ना, वळू नको. सरोवराला एक चक्कर मार ना."

"टोपी उचललीय सिग्ने. घरी न्यायला हवं."

"नेऊ की. ओव्हरटाइम म्हण."

मी सरळ गेले. त्या टिंग टिंगने एकोणीस वर्षं माझं डोकं उठवलं होतं. काठाकाठाने आम्ही त्या आवाजात फिरलो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सिग्ने मागून त्याच्याशी बोलत होती, साध्याच गोष्टी. नळ दुरुस्त केला, बहिणीचं पत्र आलं, तुझ्या बुटांचं काय करू. पाच वाजून गेले. पेट्रोलचाही दिवा लागला, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "चल. त्याला कंटाळा येईल."

त्यांच्या फाटकाशी मी ब्रेक लावत होते. गाडी अजून पुरती थांबलीही नव्हती, आणि टिंग टिंग बंद झालं.

"कधी म्हणून धीर नाही," सिग्ने म्हणाली.

ती उतरली, टोपी घेऊन मागच्या दाराकडे गेली. मी काच खाली करून बसले होते. बुटांचा आवाज आला, दोनदा. तो तिचा होता की नाही, ते मी बघायला गेले नाही. मग दार उघडल्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने लागल्याचा.