रविवारच्या बोटीतल्या दोघी

या बायांनो, जरा जवळ सरा. चुलीत पीटची, त्या दलदलीतल्या वाळक्या मातीची, ढेकळं घातलीत, चहा अजून गरम आहे. गळा असता तर हे मी गाऊनच सांगितलं असतं. आमचे जुने उपदेशक सांगायचे ना, आधी साधं बोलणं, मग त्या बोलण्यालाच हळूच चाल लागायची आणि दगडालाही पाझर फुटायचा, तसं. मला गळा नाही. तेव्हा साधंच ऐका, माझ्या बहिणीच्या लेकीचं, केनिनाचं.

केनिना सेहेचाळीस वर्षांची. पाळी थांबली ती वयामुळे, असं तिनं धरलं. खरं काय ते कळलं तोवर नवरा मासेमारीच्या बोटीवरून धक्क्यावर आदळून अंथरुणाला खिळला होता. त्याला कुशीवर वळवायचं तेही तिनंच. माझ्याकडे आली आणि कोटही न काढता म्हणाली, "मावशी, मला हे मूल नकोय. ठरवलंय मी. ओरडणार असशील तर आत्ताच ओरडून घे."

मी ओरडले नाही. थोडी रडले, मग किटली ठेवली.

कायदा म्हणायला सगळ्या देशाचा एकच. पण इतके महिने गेल्यावर, बाळात किंवा बाईच्या तब्येतीत काही बिघाड नसेल तर, आमच्या लुईस बेटावर सोडाच, अख्ख्या स्कॉटलंडात तिला कुणी हात लावत नाही. लंडनला जा म्हणतात. केनिनाला सोमवार सकाळची वेळ मिळाली आणि कायद्यातली मुदत त्याच आठवड्यात संपत होती. शनिवारी निघायचं ठरलं, तर असा वारा सुटला की बोट बंद, विमानही बंद. राहिली ती रविवारी दुपारची बोट.

आता मी कशी आहे ते तुम्ही जाणताच. रविवार म्हणजे शब्बाथ, देवानं नेमलेला विसाव्याचा दिवस; त्या दिवशी मी दोरीवर साधं फडकं वाळत घालत नाही. बटाटेसुद्धा शनिवारी सोलून ठेवते. ही रविवारची बोट सुरू झाली तेव्हा धक्क्यावर उभं राहून स्तोत्रं गात विरोध करणाऱ्यांत मी होते. ती सुटू नये असं मला आजही वाटतं.

"मी टॅक्सीनं जाईन," केनिना म्हणाली.

"रविवारी? टॅक्सीवाला चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसलेला असतो."

"मग चालत जाईन."

"गाडीत बस. मीही येतेय. धक्क्यापर्यंत नाही, लंडनपर्यंत."

तिची लेक बापापाशी थांबली आणि आम्ही निघालो. पण सवय म्हणजे काय बघा. दर रविवारी मी टॉर्मोदला त्याच्या फाटकापासून चर्चला नेते. टॉर्मोद आमच्या मंडळीतला पंच, आणि स्तोत्राची ओळ पहिल्यांदा गाऊन देणारा. तो एकटा ओळ उचलतो आणि मग सगळी मंडळी त्याच्यामागून लाटेसारखी येते. फाटक दिसलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. काळी टोपी सावरत टॉर्मोद मागं बसलासुद्धा.

"उशीर केलास, मुर्डिना." मग त्याच्या पायाला बॅग लागली. "हे काय? पाळकांचं धुणं नेतेस की काय?"

"आम्ही लंडनला चाललोय, टॉर्मोद."

"आज?"

"आज."

"अगं, शब्बाथ आहे!"

"सकाळी गाय पिळलीस ना?"

"ते गरजेचं काम. गरजेचं आणि दयेचं काम चालतं, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं."

"मग हे तेच आहे."

"दोन्हींतलं कुठलं?"

केनिना वळली. "गरज माझी, दया मावशीची. आणि बोट तुमच्यासाठी खोळंबायची नाही, टॉर्मोदकाका. उतरताय की येताय?"

तो तिच्याकडे बघत राहिला. बहुतेक समजला. उतरला आणि खिडकीशी वाकून मला म्हणाला, "मला हे पंचांसमोर सांगावं लागेल, मुर्डिना. प्रभुभोजनाच्या मेजावर मग तुला जागा नाही मिळायची."

"सांग. पण अर्धं सांगू नकोस. दोघी गेल्या म्हण. तिला एकटीला धरू नका."

बोट हलत होती. केनिना बादलीशी, मी तिच्या पाठीशी. पुढं बस, मग रात्रीची आगगाडी, बसल्या जागी.

लंडनच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर एक पोरगी मोबाइल चाळत बसली होती. "अर्धा तास लागला बसनं यायला, नुसता वैताग," ती म्हणाली. "तुम्ही कुठून आलात?"

"लुईसहून."

"ते कुठल्या देशात?"

केनिना म्हणाली, "ह्याच."

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. तिनं कोट माझ्या मांडीवर ठेवला, पाठ ताठ केली आणि मागं न बघता आत गेली.

आज ती बरी आहे. नवऱ्याला सकाळी उन्हात बसवते. मला मात्र पंचांनी यंदा प्रभूच्या भाकरी-द्राक्षरसाच्या मेजावर बसू दिलं नाही. मी भिंतीकडेला बसून ऐकते. टॉर्मोदचा आवाज तिथंही पोचतो आणि उपदेश तिथंही गोडच लागतो. पुन्हा कुणावर वेळ आली तर मी पुन्हा गाडी काढीन, वार कुठलाही असो.

तुमच्याकडे एवढंच मागते. आज प्रार्थनेला गुडघे टेकाल तेव्हा केनिनाची आठवण ठेवा. नाव घेऊन, मोठ्यानं.