दिनकररावांची काडी

वालूरच्या चौकातल्या हॉटेलात बसून देशाचे कायदे दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण दिनकररावांइतकं ठासून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. पेपरात समान कायद्याची बातमी आली की ते चष्मा पुसून ती मोठ्यानं वाचायचे अन् नेमके समोरच्या मोयनूभाईकडं बघायचे. मोयनूभाई म्हणजे गावातला म्हातारा शिंपी, दोघं शाळेत एका बाकावरचे. एका देशात एकच कायदा पाहिजे, काझी-बिझीचा जमाना गेला, असं दिनकरराव त्याला सुनवायचे. मोयनूभाई बशीतला चहा संपेस्तोवर ऐकून घ्यायचा. एकदाच त्यानं विचारलं, की बाबा, तुमची ती काडी कोणत्या कायद्यात बसती? सगळं हॉटेल हसलं, दिनकररावही हसले. म्हणाले, ती आमची रीत हाय, तिला कायदा कशाला लागतोय.

आता ही काडी म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. नवरा-बायकोचं पटेनासंच झालं तर मारुतीच्या पारावर दोन्हीकडची माणसं जमायची. पाच पंच बसायचे, त्यात दिनकरराव मधी. ज्वारीच्या कडब्यातली एक वाळली काडी ते निवडून घ्यायचे, एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बाईच्या हातात, अन् मधोमध स्वतः मोडायचे. झाली काडीमोड. बाँडवर पाचांच्या सह्या व्हायच्या अन् बाई मोकळी. तिनं खुशाल पाट लावावा, नवा संसार मांडावा, कुणी तिला नाव ठेवायचं नाही. तीस वर्षं हे काम त्यांनी केलं. पिऊन आलेल्या नवऱ्याला पारावरून हाकलून दिलं, हुंड्याची भांडी परत करायला लावली. पारावर दिनकरराव खोटं बोलले, असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही.

त्यांच्या स्वतःच्या लेकीची काडीही त्यांनीच मोडली. ज्ञानेश्वरी त्यांची एकुलती एक. चारठाण्याकडच्या शिवशंकरला दिली होती. घरदार बघून दिली अन् माणूस बघायचा राहिला. दोन वर्षांत त्या शिवशंकरनं पोरीचं मनगट तापल्या उलथन्यानं डागलं. दिनकररावांनी तिला माघारी आणली. बापानं पंच म्हणून बसू नये, असं बाकीचे म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही. माझ्या पोरीची काडी मीच मोडणार, म्हणाले, अन् मोडली. पुढं मानवतच्या महारुद्रशी तिचा पाट लावला. जिनिंगमधी कामाला होता, गरीब गाय माणूस. दोन खोल्यांचं घर त्यानं स्वतः बांधलेलं. बायकोला आल्या आल्या शिलाई मशीन घेऊन दिली अन् तिच्या मनगटावरच्या डागाविषयी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. लेकरू झालं नाही, तेवढीच काय ती उणीव. मग कावीळ झाली अन् तीन आठवड्यांत महारुद्र गेला.

वर्षश्राद्ध झालं अन् महारुद्रच्या भावानं, शिवप्रसादनं दावा टाकला. घर माझं आहे, म्हणे. ही बाई माझ्या भावाची बायकोच नव्हती. हिचा पहिला नवरा जिवंत आहे अन् कोर्टातून सोडचिठ्ठी झालेली नाही.

नोटीस घेऊन ज्ञानेश्वरी बापाकडं आली. घराचं बोललीच नाही. "घर जायचं असंल तर जाऊ द्या, आबा," म्हणाली. "पण मी त्यांची बायको न्हवते, असं कुणी म्हणू नये. तेवढं बघा."

दिनकरराव म्हणाले, "मी बसलोय न्हवं."

राजेश्री नावाची तरुण वकील मिळाली, हुशार अन् तळमळीची. तिनं सगळे कागद वाचले अन् दिनकररावांचा जीव भांड्यात पडेल असं सांगितलं. हिंदूंच्या लग्नाच्या कायद्यातच रिवाजाला जागा ठेवली आहे. समाजात काडीमोडीची रीत जुनी आहे, अखंड चालत आली आहे, एवढं कोर्टापुढं सिद्ध केलं की झालं. अन् सिद्ध करायला तीस वर्षं पंच राहिलेला माणूस घरातच आहे. "काका, तुमच्या साक्षीवर सगळं उभं आहे," ती म्हणाली. "मला आधी कळायला पाहिजे असं काही नाही ना?"

दिनकररावांनी मान हलवली. ते खोटं बोलले असं म्हणवत नाही. त्यांना खरोखर आठवलंच नाही. म्हणजे घडलेलं आठवत होतं, पण त्याचा याच्याशी संबंध आहे हे डोक्यात आलं नाही. कोर्टात बोललेलं गावात मोजायचं नसतं, असाच त्यांचा उभा जन्म गेला होता.

तारखेच्या दिवशी ते धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून गेले. राजेश्रीनं विचारलं ते सगळं त्यांनी सांगितलं, अन् छान सांगितलं. आजा कसा काडी मोडायचा, काडी ज्वारीचीच का, पहिल्यांदा काडी कुणाच्या हातात द्यायची. जज्जबाई लिहिता लिहिता थांबून ऐकत होत्या. मागच्या बाकावर ज्ञानेश्वरी पदर सावरून बसली होती, अन् कित्येक दिवसांनी तिचा चेहरा जरा मोकळा दिसत होता.

मग शिवप्रसादचा वकील उठला. दिनकररावांनी त्याला आता कुठं नीट ओळखलं. सेलूच्या कोर्टात हाच वकील होता.

वकिलानं एक कागद पुढं केला. सहा वर्षांपूर्वीच्या सेलूच्या दाव्यातली साक्षीची नक्कल. ही सही तुमची का? दिनकररावांनी सही बघितली. हो म्हणाले. मग वकिलानं ती साक्ष सावकाश वाचली. "आमच्या समाजात काडी मोडून लग्न मोडण्याची रीत नाही. पूर्वीही नव्हती. मी समाजाचा पंच असून मला हे माहीत आहे."

झालं होतं असं. दिनकररावांचा चुलतभाऊ आप्पाराव वारला. त्याची दुसरी बायको मनकर्णा, काडीमोड झालेली, पाटाची. ती काडीसुद्धा दिनकररावांनीच मोडलेली. आप्पारावाच्या पहिल्या बायकोच्या पोरांना विहिरीजवळची तीन एकर तिला द्यायची नव्हती. काका, तेवढी साक्ष द्या, जमीन भावकीतच राहील, म्हणून पोरं पायाशी बसली. दिनकरराव गेले, हात वर करून दहा मिनिटं बोलले, बाहेर येऊन पोरांनी आणलेली भजी खाल्ली अन् घरी आले. मनकर्णेची जमीन गेली. ती गावाच्या कडेला पत्र्याचं खोपट घालून राहिली, लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. गावात तिला सगळे अजूनही आप्पारावची मंडळी म्हणत, दिनकररावसुद्धा म्हणत. सणाला तिला पुरणाची पोळीही पाठवत. त्यांच्या लेखी मनकर्णेचं बायकोपण गेलंच नव्हतं, गेलं ते फक्त कोर्टातलं.

"मग खोटं कधी बोललात?" वकिलानं विचारलं. "तेव्हा का आता?"

दिनकररावांनी मागं बघितलं नाही. बघायची छातीच झाली नाही. "तवा," ते म्हणाले.

"शपथ घेऊन?"

"व्हय. शपथ घिऊन."

जज्जबाईंनी ते लिहून घेतलं. राजेश्री आपल्या फायलीकडं बघत बसली होती. परतीच्या एसटीत ज्ञानेश्वरी बापाच्या शेजारच्या सीटवर बसली नाही, पुढं कंडक्टरजवळ जाऊन बसली.

राजेश्री म्हणाली, अजून एक वाट आहे. ज्यांची काडीमोड झाली, पुढं पाट लागला, अशी चार माणसं साक्षीला आणा. दिनकरराव गावोगाव हिंडले. काय सांगावं! ज्या घरांत त्यांना पाटावर बसवून जेवू घातलं होतं, तिथं आता पाणी देऊन उंबऱ्याशीच बोलायला लागले. लोकांचंही चूक नव्हतं. आमची नीट चाललेली सून कोर्टात उभी करून तिचं लग्न कशाला उकरायचं, उद्या आमच्याच भावकीनं दावा टाकला तर? एकजण तर हात जोडून म्हणाला, मालक, आमची काडी तुमीच मोडलीय हे कुणाला सांगू नका.

शेवटी ते मनकर्णेच्या खोपटापुढं उभे राहिले. ती शेंगा निवडत होती. त्यांनी सगळं सांगितलं, मान वर न करता. वैनी, चूक झाली, असंही म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

मनकर्णा सूप खाली ठेवून म्हणाली, "ज्ञानूसाठी येते की मी. तिनं काय केलंय." परत सूप उचलत म्हणाली, "पण भावजी, माझं कोण ऐकंल? मी आप्पारावची कोणच न्हाई, असं तुमीच लिहून दिलंय."

राजेश्रीनंही तेच सांगितलं. जी बाई स्वतःचाच दावा हरली आहे, तिला उभी करून उपयोग नाही, उलट तिचा निकालच आपल्यावर उलटेल. मनकर्णा लुगडं बदलून एसटीच्या थांब्यावर आलेली होती. तिला तिथूनच माघारी पाठवावं लागलं.

निकाल श्रावणात लागला. जज्जबाईंनी वाईट काही लिहिलं नाही. पोरीच्या हालाबद्दल दोन बरे शब्दच लिहिले. कायद्याला रिवाज मान्य आहे, लिहिलं, पण रिवाज आहे असं सांगणारा माणूसच तो नाही असं शपथेवर सांगून गेलेला आहे, तेव्हा रिवाज सिद्ध होत नाही. राजेश्रीनं व्हरांड्यात उभं राहून समजावून सांगितलं. महारुद्रबरोबरचं लग्न कायद्यानं झालेलंच नाही. अन् पहिलं लग्न मोडलेलं नाही. वर अपील करता येईल, पण खरं सांगते काका, तुमची ती साक्ष वरपर्यंत आपल्या मागं येणार. म्हणजे आज ती कोण, ज्ञानेश्वरीच्या आईनं, चतुराबाईनं विचारलं. राजेश्रीला ते बोलणं जड गेलं. "कायद्यानं ती अजून शिवशंकरची बायको आहे, काकू."

ज्ञानेश्वरी मशीन अन् एक पेटी घेऊन वालूरला आली. महारुद्रचा फोटो शिवप्रसादनं दिला नाही, आमच्या भावाचा फोटो आहे म्हणाला. ती बापाला वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. त्या साक्षीबद्दल एक शब्द काढला नाही. दिनकररावांना वाटायचं, पोरीनं एकदा ओरडून घ्यावं, नाहीतर पेला तरी फेकून मारावा. जीव नुसता तळमळायचा. हॉटेलात जाणं त्यांनी सोडलं. मोयनूभाई एकदा घरी येऊन बसून गेला. आमच्या नातीचाही काझीनं दिलेला फारकतीचा कागद ऑफिसात कुणी घेईना, हेलपाटे चालू हाईत, एवढं सांगितलं अन् चहा न घेता उठला.

पौषात एक दिवस दुपारी जिंतूरकडचा एक बाप लेकीला घेऊन दारात आला. लेकीचं नाव अर्पिता, वय असेल एकवीस-बावीस, ओठ सुजलेला. नाव ऐकून आलो, म्हणाला. मानवतच्या घराचा निकाल त्याच्या कानावर गेलेला नव्हता. काडी मोडून द्या. दिनकररावांनी त्याला कोर्टात जा म्हणून सांगितलं. तो म्हणाला, कोर्टात लय वर्षं जातात, मालक, तवर पोरगी मरंल. नवऱ्याकडचे परवा पारावर यायला तयार हाईत.

दिनकरराव पोरीच्या ओठाकडं बघत राहिले. नाही म्हणावं तर पोरगी परत त्याच घरी जाणार, अन् हो म्हणावं तर काय होतंय ते आतल्या खोलीत मशीन चालवत बसलं होतं. मग तीस वर्षांची सवय म्हणा, दुसरं काय, त्यांनी म्हटलं, "बरं. परवा या."

आतली मशीन थांबली.

ज्ञानेश्वरी बाहेर आली. तिच्या हातात आईचा कुंकवाचा करंडा होता. पाहुण्यांकडं तिनं बघितलंही नाही. बापापुढं जमिनीवर बसली, करंडा उघडून त्यांच्या पायाशी ठेवला अन् पदर मागं घेऊन मोकळं कपाळ पुढं केलं.

"पारावर परवा जा," ती म्हणाली. "आदी मला कुंकू लावा. माझा नवरा जिता हाय, कोर्टानं लिहून दिलंय."

चतुराबाई स्वयंपाकघरातून धावत आली अन् दारातच थांबली. दिनकरराव म्हणाले, "ज्ञानू, असं करू नको."

"काडी तुमीच मोडली," ज्ञानेश्वरी म्हणाली, अगदी हळू, वाढताना विचारावं तशी. "अन् तुमीच जोडली, आबा. मग कुंकू दुसऱ्या कुणी कशाला लावायचं?"

दिनकररावांचा हात उचललाच गेला नाही. अर्पिताचा बाप उठला. काय झालं ते त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण इथं आपलं काम होणार नाही एवढं कळलं. त्यानं लेकीला उठवलं, दोघांनी चपला घातल्या. फाटकापाशी पोरीनं विचारलं, आता कुठं जायचं, अन् बाप म्हणाला, घरी.

ज्ञानेश्वरी तशीच कपाळ पुढं करून बसून राहिली.