विहीणबाईंचा तांदूळ

नुकत्याच इस्त्री केलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर विहीणबाईंनी तांदळाची अख्खी पिशवी उपडी केली, तेव्हा टेलरबाईंच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली.

"अहो, उद्या सगळे जेवायला बसायचेत त्याच्यावर!"

"म्हणूनच तर. पांढऱ्यावर गव्हाचा दाणा कसा उठून दिसतो."

विहीणबाई खुर्ची ओढून बसल्यासुद्धा. आयुष्यभर तलावाच्या काठावर उभं राहून पोरांना पोहायला शिकवल्यामुळे त्यांचा आवाज घरातही पलीकडच्या काठापर्यंत पोचेल असा निघे.

टेलरबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. गल्लीभर त्यांना टेलरबाईच म्हणत, विहीणबाईसुद्धा. लग्नाचे पोशाख शिवण्यात हयात गेलेली. शिवणीतला सूतभर फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पकडणारी नजर, आणि त्या नजरेचा त्यांना चांगलाच अभिमान. आत्ता मात्र त्या नजरेला समोरचा ढीग बघवत नव्हता.

उद्या संध्याकाळी वल्हांडण सुरू होणार होता. मिसरच्या गुलामगिरीतून पूर्वज सुटले त्याची आठवण म्हणून आठ दिवस ज्यूंच्या घरात पाव नाही, आंबलेल्या पिठाचं काही नाही. इथवर दोन्ही घरांचं एकमत होतं. पुढे सगळीच फाटाफूट. टेलरबाईंच्या माहेरी आणि सासरी या दिवसांत तांदूळही वर्ज्य. त्यांची आजी तर तांदळाचा डबा कुलपात ठेवून किल्ली शेजारणीकडे देऊन यायची. उलट विहीणबाईंच्या घराण्यात भाताशिवाय सणाचं जेवण पुरं होत नसे. फक्त तांदूळ आधी तीनदा निवडायचा, कारण गव्हाला पाणी लागलं की तो आंबणार, आणि शिजलेल्या भातात एक दाणा जरी निघाला तरी सगळं पातेलं बाद.

टेलरबाईंच्या मुलाचं विहीणबाईंच्या लेकीशी लग्न झाल्यापासून तोडगा ठरलेला होता. मुलगा-सून एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. यंदा सुनेने तो मोडीत काढला.

"मिसरमधून बाहेर पडताना भात खाणाऱ्यांचं दार वेगळं होतं का?" तिने दोन्ही आयांना एकाच वेळी फोनवर घेऊन विचारलं होतं. "सण सुटकेचा आहे ना? मग एका टेबलाशी बसायला तरी मोकळे होऊ या. माझ्या घरी, सगळ्यांनी. भात असेल. ज्याला नको त्याने खाऊ नये."

"सुटल्यावर रानात चाळीस वर्षं भांडत हिंडले, तेही सांग तिला," टेलरबाईंचे यजमान मागून बोलले होते. पण नाही कुणीच म्हणालं नव्हतं.

म्हणून आज दोघी लेकरांच्या घरी आल्या होत्या. मुलगा खुर्च्या गोळा करायला गेला होता, सून हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. घर घासूनपुसून लख्ख झालं होतं.

विहीणबाईंनी थोडा तांदूळ पुढे ओढला, बोटांनी पसरला आणि निवडलेला डावीकडे सारायला लागल्या. तोंड चालूच होतं. भावाचा गुडघा, वहिनीचा स्वभाव, तलावाचं थंडगार पाणी. टेलरबाई उभ्या उभ्या टेबलक्लॉथची कड ओढून सरळ करत होत्या. आपल्याला काय करायचंय, असा चेहरा करून.

तेवढ्यात गव्हाचा एक दाणा विहीणबाईंच्या बोटाखाली आला. तांबूस, पोटावर चीर असलेला. बोट त्याच्यावरून फिरलं आणि दाणा निवडलेल्या तांदळात जाऊन पडला.

टेलरबाईंनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

हा बघा गहू, एवढंच म्हणायचं होतं. मग या निवडण्यावर कुणाचा भरवसा उरला नसता, उद्या टेबलावर भात आला नसता, सुनेलाही काही बोलता आलं नसतं. दोन घराण्यांचा इतका जुना वाद, आणि तो जिंकायला एक दाणा पुरे!

मग दुसरा दाणा गेला. पाठोपाठ एक खडाही गेला. आता टेलरबाईंनी दाण्यांवरून नजर काढून विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मान तांदळाकडे झुकलेली होती, पण बोटं मात्र वीज गेलेल्या खोलीत काडेपेटी शोधावी तशी चाचपत होती. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. त्या उजेडात डाव्या बुबुळावर दुधावर धरावी तशी साय दिसत होती.

टेलरबाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि निवडलेला ढीग आपल्यापुढे घेतला.

"तीनदा निवडायचा म्हणता ना? दुसरी खेप माझी."

"तुमची? तुम्ही तर खातसुद्धा नाही."

"म्हणूनच. खाणाऱ्याला घाई असते."

विहीणबाई खो खो हसल्या. टेलरबाई हसल्या नाहीत. त्या कामाला लागल्या होत्या. दाणा दिसला की नखाने उचलायचा आणि गुपचूप एप्रनच्या खिशात टाकायचा. दुसरी खेप झाली. काही न बोलता त्यांनी तिसरी सुरू केली, तेव्हा विहीणबाईंच्या गप्पा हळूहळू थांबल्या.

"किती निघाले?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना टेलरबाईंनी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"काय किती?"

"गव्हाचे. तुमच्या एप्रनला खळ आहे. खिशात हात गेला की वाजतो."

टेलरबाईंनी हातातला तांदूळ खाली सोडला.

"सहा. आणि एक खडा."

"मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन. सण झाला की लेकीला सांगते. आत्ता कळलं तर उद्या जेवायचं सोडून माझ्या डोळ्यांत बॅटरी मारत बसेल."

"मग तांदूळ तुमच्या बहिणीकडे नाही का द्यायचा निवडायला? तुमच्याकडे काय माणसांची वानवा आहे?"

"बहिणीला भात हवा असतो हो. एखादा दाणा शंकेचा वाटला तर ती मनात म्हणेल, जाऊ दे." विहीणबाईंनी हाताला लागलेली पांढरी पूड झटकली. "मला भात नको असलेलीच बाई हवी होती. मुद्दाम तुमच्यासमोर ओतला."

टेलरबाईंना खरं तर राग यायला हवा होता. आलाही असेल थोडा. पण त्याच्याही वर काहीतरी उसळून आलं, ओठांच्या कोपऱ्यात दिसायला लागलं, आणि ते लपवायला त्यांनी ढीग पुन्हा एकदा पसरला.

"गप्प का झालात?" त्या म्हणाल्या. "तलावावरचं सांगत होतात ना, सांगा. मोठ्याने चालेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेबल माणसांनी गच्च भरलं. सुटकेची गोष्ट पाळीपाळीने वाचली गेली. गाणी मात्र दोन्ही घरांनी आपापल्या चालीत म्हटली, आणि कुणीच माघार घेईना म्हणून एकदम म्हटली. मग जेवण आलं. शेवटी, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावासकट भात आला, तशी टेलरबाईंकडची मंडळी खुर्चीत किंचित मागे सरकली.

भांडं विहीणबाईंच्या थोरल्या भावापाशी गेलं. खाण्यापिण्याच्या नियमांत काटेकोर माणूस. त्यांनी एक डाव ताटात घेतला आणि घास घ्यायच्या आधी विचारलं,

"तांदूळ निवडला कुणी?"

विहीणबाई पाण्याच्या ग्लासाकडे हात नेत होत्या. हात ग्लासाच्या जरा बाजूने गेला. टेलरबाईंनी बोलता बोलता ग्लास त्या हाताखाली सरकवला.

"मी," त्या म्हणाल्या.

यजमानांनी बायकोकडे पाहिलं, सुनेने आईकडे. थोरल्या भावांनी टेलरबाईंच्या ताटाकडे पाहिलं. मासा होता, बटाटे होते, बेखमीर भाकरीचा तुकडा होता. भाताचं शीतही नव्हतं.

त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक डाव भात वाढून घेतला.