नवं पाणी

आरोन वारले आणि रोझी मावशीने लगेच घरातलं पाणी ओतायला घेतलं. माणूस गेलेल्या घरात साठवलेलं पाणी ठेवायचं नाही, ही त्यांच्या ज्यू लोकांची रीत. हंडे रिकामे झाले, कळशा रिकाम्या झाल्या. मग मावशी तपेली घेऊन खिडकीखालच्या काचेच्या पेटीकडे वळली.

वडिलांच्या पायाशी बसलेल्या एलिशेबाच्या हे लक्षात आलं तेव्हा पेटीत चार बोटं पाणी उरलं होतं आणि अंगणात समुद्राचा वास सुटला होता.

"मावशी, तेवढं राहू दे."

"पाणी ते पाणी, पोरी."

"त्यात कुणी राहतंय."

मावशी वाकली. पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा नारिंगी मासा तिच्याकडे बघत होता.

"बरं. नवं पाणी येईपर्यंत," मावशी म्हणाली. "मग हे ओतायचं."

आरोन मिनिकॉय बेटावर दीपगृहात नोकरीला होते. निवृत्त होऊन पनवेलला आले ते हा मासा आणि त्याचं समुद्रफूल घेऊन. समुद्रफूल दिसायला फूल, पण तो प्राणी. दुसरा मासा जवळ गेला तर त्याला डंख बसतो. हा मात्र त्याच्यातच राहतो आणि वीतभरही लांब जात नाही. मादीने अंडी घातली की नर ती राखतो, पंखांनी वारा घालतो, जागचा हलत नाही. हे सगळं आरोननी लेकीला कौतुकाने सांगितलं होतं. लेक तेव्हा चौतिशीची होती आणि तिचं सगळं लहानपण ते बेटावर होते. ती "हो का?" म्हणाली होती.

त्यांचे शेवटचे शब्द होते, "पाणी बदल." तेही तिच्याकडे न बघता.

माती देऊन पुरुष परतले. आता सात दिवस एलिशेबाने घराबाहेर पडायचं नव्हतं. रोज मासळी घेऊन येणारी भामा कोळीण टोपली बाहेर ठेवून दारात टेकली.

"भामाबाई, तुमचे मालक मोरा बंदरावरून होडी आणतात ना? दोन मडकी समुद्राचं पाणी हवंय. रॉकेलच्या डब्यात नको."

"बाय, आमी जलमभर दर्याचा पानी होडीतून बायेर टाकतो, आन तुमी घरात मागवता?"

"बाबांच्या माशासाठी."

"म्हातारा गेला, आन मासा हाय?"

"आहे अजून."

भामाने टोपली उचलली. "मंग आनावाच लागंल," म्हणाली.

सुतकातल्या माणसाने पहिल्यांदा खायचं ते उकडलेलं अंडं मावशीने सोलून पुढे केलं. एलिशेबाने अर्धं खाल्लं, उरलेलं बशीत ठेवलं. चटईवर बसल्यावर पेटी बरोबर डोळ्यांसमोर येत होती. समुद्रफुलाचा आक्रसून चिकट गोळा झाला होता. मासा त्याला वारा घालत होता. ती जागी होती तोवर घालत होता.

दुसऱ्या दिवशी मडकी आली. सुतकी माणसाने काम करायचं नाही, म्हणून मावशीनेच जुनं पाणी काढलं आणि नवं हळूहळू सोडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग समुद्रफुलाच्या गोळ्यातून बोटासारखी एक पाकळी बाहेर आली, मग चार-पाच. मासा अंग घुसळत आत शिरला आणि तोंड बाहेर काढून बसला.

"आता ह्याला कोण सांगणार, आरोन गेला म्हणून?" मावशी म्हणाली.

"पाणी बदलल्याचं कळलंय त्याला."

मावशीने पदर डोळ्यांना लावला. एलिशेबाने कालची अर्ध्या अंड्याची बशी कुठे आहे विचारलं. ती मिळाली नाही, तेव्हा तिने दुसरं अंडं मागितलं आणि ते सबंध खाल्लं.