मोठ्याने विचारायचा प्रश्न

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गावच्या वाचनालयात नकाशांच्या कपाटाशेजारी एक लांब टेबल मांडतात आणि आम्ही चार म्हातारी माणसं तिथे लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं फुकट भरून देतो. मी या कामाला कसा लागलो ते मला नीट सांगता येणार नाही. माझं जुन्या पुस्तकांचं दुकान बंद झालं त्या हिवाळ्यात आमच्या चौघांतल्या कोरिन ग्रिंडलने माझं नाव परस्पर या कामात घालून टाकलं. "तुला वाचायची हौस आहे ना, मग हे वाच," म्हणून तिने नियमांचं जाडजूड पुस्तक माझ्या हातात दिलं. दर वर्षी परीक्षा द्यावी लागते. मी दर वर्षी पास होतो, आणि दर वर्षी मला वाटतं की तपासणाऱ्याचीच काहीतरी चूक झाली असावी.

यंदा मुदत संपायच्या आठवड्यात ऑल्टन फारनम आला. पूर्वी त्याची शेवंडी धरायची स्वतःची होडी होती. बायको गेली, होडी गेली, मग गुडघेही गेले. आता तो धक्क्यावरच्या कारखान्यात लोकांच्या होड्या रंगवतो. बरोबर त्याची बहीण थर्झा होती. साठी उलटलेली, ताठ पाठीची, हातात विणकामाची पिशवी. बाजारात जायचं म्हणून ती सोबत आली होती, एवढंच. दोघं एकाच घरात राहतात, आणि सगळा गाव म्हणतो की ऑल्टन बहिणीला पोसतो. मीही तसंच धरून चाललो होतो.

ऑल्टनचे कागद झाले. मी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून, थर्झाला विचारलं, "साथीच्या वेळी सरकारने पैसे वाटले, ते तुम्हाला मिळाले होते ना?"

"काय?"

थर्झाला कमी ऐकू येतं हे मी विसरलो होतो. मी थोडा आवाज चढवून पुन्हा विचारलं.

"आला की चेक. ऑल्टनच्या नावाचा. घराला एक."

"घराला एक नव्हता. माणशी होता."

"माणशी?" तिने भावाकडे पाहिलं. "मी म्हटलं, टपालपेटीवर ज्याचं नाव, त्याला पैसे. पेटीवर याचं नाव आहे."

हे ऐकून मला हसू आलं नाही. आमच्या किनाऱ्यावर पेटीवर बाप्याचं नाव रंगवतात, समुद्रात टाकलेल्या त्याच्या शेवंडीच्या पिंजऱ्यांची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या रंगात. पेटी जिच्या अंगणात उभी असते तिचं नाव कोणी रंगवत नाही. थर्झाने कधी पगार घेतला नव्हता, कधी विवरणपत्र भरलं नव्हतं, बँकेत तिचं खातं नव्हतं. सरकारला तिचा पत्ता कळणार तरी कुठून?

मी तिला समजावून सांगितलं. पैसे तीनदा वाटले होते. पहिल्या दोन खेपांचे मागायची मुदत उलटून गेली. तिसऱ्या खेपेचे अजून मागता येतात: त्या वर्षाचं विवरणपत्र आता भरायचं, आणि करातली सवलत म्हणून ते परत मिळतात. कर भरलेला नसला तरी मिळतात. चौदाशे डॉलर.

थर्झाने विणकाम मांडीवर ठेवलं आणि पिशवीतून औषधांच्या दुकानातलं एक जाहिरातपत्र काढलं. कानात बसवायची छोटी यंत्रं होती त्यावर. घड्या पडून पडून कागद मऊ झाला होता.

"याची जोडी येईल का त्यात?"

"येईल. थोडे उरतीलसुद्धा."

"दोन किटल्या जाळल्या मी," ती म्हणाली. "शिट्टी ऐकूच येत नाही. परवा टपालवाली बाई दार वाजवून वाजवून निघून गेली."

"आणि मी ओरडून ओरडून मेलो," ऑल्टन वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

"तू कधी ओरडलास? तुला तोंड आहे हे मी चर्चमधल्या जेवणातच बघते."

मी तिचे कागद भरायला घेतले. नाव, जन्मतारीख, मिळकत काही नाही. मग तो प्रश्न आला. त्या वर्षी तुम्ही दुसऱ्या कोणावर अवलंबून होता का? म्हणजे तुमचा अर्ध्याहून जास्त खर्च दुसरं कोणी करत होतं का? तसं असेल तर पैसे मिळत नाहीत.

मी हळू विचारलं. "काय?" मी पुन्हा विचारलं. "लेलंड बाबा, ओठात नको बोलूस," ती मला म्हणाली.

मी आयुष्यात कधी वाचनालयात आवाज चढवलेला नाही. पण विचारणं भाग होतं. "तुम्हाला कोण पोसत होतं?" मी ओरडलो. मुलांच्या पुस्तकांजवळची एक आई वळून बघायला लागली. ऑल्टनच्या हातातला कागद हलायचा थांबला.

थर्झा एक क्षणही थांबली नाही. "माझा भाऊ," ती म्हणाली. "दुसरं कोण पोसणार?"

आमच्यात एकाने भरलेलं दुसऱ्याने तपासायचं असा नियम आहे. कोरिन मागे उभीच होती. "झालं तर मग," ती म्हणाली. "भाऊ पोसतो म्हणते ना ती? नाही मिळणार. लेलंड, पुढच्याला बोलाव, बाहेर रांग आहे."

तिचं बरोबर होतं. कोरिनचं बहुतेक बरोबरच असतं. तरी माझी पेन्सिल कागदावरून उचलेना. खर्चात काय काय धरायचं यावर पुस्तकात एक पान आहे, ते मला अर्धवट आठवत होतं, आणि अर्धवट आठवणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी पान काढलं. बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. माणूस स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असेल, तर त्या घराचं जे भाडं आलं असतं ते त्याने स्वतःच स्वतःवर केलेला खर्च धरायचं.

"कोरिन, एक मिनिट," मी म्हणालो. "माझी चूकही असेल."

"तू नेहमी तेच म्हणतोस."

मी थर्झाकडे वळलो. हा प्रश्न मला मुळीच विचारायचा नव्हता. "घर कोणाच्या नावावर आहे?" मी मोठ्याने विचारलं.

हे मात्र तिला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. तिने विणकाम उचललं आणि सुईवरचे टाके मोजू लागली.

"आमचं आहे," ती म्हणाली.

"आमचं म्हणजे?"

"आमचं म्हणजे आमचं. जाऊ दे लेलंड. ते कागद मिटव. एवढी वर्षं चाललं, पुढेही चालेल. नव्या किटलीला काय लागतं?" तिने जाहिरातपत्राची घडी घातली आणि पिशवीत तळाशी सारलं.

आता मी काही बोललो असतो तर तिने राखलेला भावाचा मान गेला असता, आणि गप्प बसलो असतो तर तिचे कान गेले असते. अशा वेळी काय करावं ते पुस्तकात नसतं.

"अल्मिरामावशीचं होतं ते घर," ऑल्टन म्हणाला.

तो हळू बोलला. थर्झाने वर पाहिलंही नाही. तिला ऐकू गेलं नव्हतं. ते त्याने पाहिलं. मग त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, टेबलाला धरून उभा राहिला, आणि वादळात दुसऱ्या होडीला हाक मारावी तशा आवाजात म्हणाला,

"घर थर्झाचं आहे. मावशी अंथरुणात होती तेव्हा हिने तिचं सगळं केलं, म्हणून मावशी हिच्या नावावर करून गेली. मी एका हिवाळ्यापुरता आलो होतो. घरपट्टी ही भरते, मावशीने ठेवलेल्या पैशांतून. मी घर तापवायला लागणारं तेल टाकतो आणि किराणा आणतो, बस. मी तिच्या घरात राहतो. लिही ते."

मुलांच्या पुस्तकांजवळची आई आता पुस्तकात बघत होती, अगदी मन लावून. दाराशी रांगेत कारखान्यातले दोघं उभे होते, ते आपापल्या बुटांकडे बघत होते.

थर्झाचा चेहरा लाल झाला. "एवढं ओरडायची काय गरज होती?"

"तुला ऐकू येत नाही."

"मला माहीतच आहे ते. मला कशाला ऐकवतोस?"

"मग कोणाला ऐकवू?" ऑल्टन खाली बसला. त्याने हात खिशात घातले.

कोरिनने माझ्या खांद्यावरून वाकून पान वाचलं. घराचं भाडं, घरपट्टी, तेल, किराणा, सगळं तिने मागच्या कोऱ्या कागदावर मांडून पाहिलं. "ऑल्टन, तुझ्या कागदावर अवलंबून म्हणून हिचं नाव कधी घातलं होतंस का?" तिने विचारलं.

"कसं घालणार? घर तिचं."

"बरोबर आहे लेलंडचं," ती म्हणाली. मग, थोडी नाइलाजाने, "ऑल्टनचा वाटा अर्ध्याच्या जवळपासही जात नाही. मिळतील तिला." आणि मघाशी रांगेची घाई करणारी कोरिन टेबलाला वळसा घालून गेली, आणि स्वतः जाऊन ऑल्टनसाठी पाणी घेऊन आली.

थर्झाने सही केली. सही करताना ती भावाशी बोलली नाही. जाताना मात्र दारात थांबून तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, जरा जोरातच, लहान मुलाला लावतात तसं.

नंतर मी कितीतरी रात्री त्या हिशोबाचा विचार करत जागा राहिलो. तेलाचा आकडा जास्त धरायला हवा होता का? सरकारकडून उलट पत्र आलं तर? लोकांसमोर ऑल्टनला ते बोलायला लागलं, ते फुकटच गेलं असं झालं तर? जुलै संपत आला तरी काही कळलं नाही, आणि त्यांच्या घरावरून जायचं मी टाळू लागलो.

ऑगस्टमध्ये शेतकरी मंडळाच्या सभागृहात शनिवारचं जेवण होतं. आमच्याकडे राजमा रात्रभर गुळात शिजवून, वाफवलेल्या काळ्या पावाबरोबर सगळा गाव लांब टेबलांवर बसून खातो. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातली जागा धरली होती. समोर येऊन बसली ती थर्झा, आणि तिच्या मागून दोन थाळ्या सांभाळत ऑल्टन.

"थर्झा, कशा आहात?" मी सवयीने ओरडलो.

"हळू," ती म्हणाली. "ऐकू येतं." तिने केस मागे सारून कान दाखवला. करंगळीच्या नखाएवढी वस्तू होती. ती थोडी पुढे झुकली. "लेलंड, तुला एक गंमत सांगते. हा रोज रात्री जिन्याखाली उभा राहून काहीतरी पुटपुटतो. मला वाटायचं, मांजराला शिव्या देतो."

"मग?"

"'थर्झा, दार लावलंय गं, झोप आता.' असं म्हणतो. रोज म्हणायचा म्हणे. पहिल्यापासून."

ऑल्टन पावाला लोणी लावत होता. "मग काय म्हणणार? दार लावलेलं असतं."

"आता मी वरून उत्तर देते," थर्झा म्हणाली.

"पूर्वीच बरं होतं," ऑल्टन मला म्हणाला. "आता म्हणते, मागचंही बघ."

थर्झा हसली, आणि त्याच्या थाळीतला पाव उचलून तिने मला दिला.