ठकीपेक्षा मोठे टायर

तात्यांच्या हातात एक नाणं होतं आणि ते नाणं त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं. सकाळचा चहा अर्धा टाकून ते अंगणात आले, गाडीच्या पुढच्या टायरपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी नाणं टायरच्या खाचेत उभं घातलं. नाणं छान आत गेलं. "आहे की नाही खोल?" असं ते कुणालाच उद्देशून म्हणाले. मग मागच्या टायरपाशी गेले. तिथंही तेच. मग दुसऱ्या बाजूला. आणि पहिल्या वेळी नीट बघितलं नसेल म्हणून पुन्हा पुढच्या टायरकडे.

"तात्या, आता गाडीलाच चक्कर येईल," पायरीवर बसलेली ठकी म्हणाली. ठकी म्हणजे तात्यांची नात. तिसरीत होती आणि सुट्टीच्या दिवशी तिचं तोंड जरा जास्तच चालायचं.

"तू गप्प बस. तुझ्यामुळेच झालंय हे सगळं."

तसं ते खरंही होतं. काल शाळेच्या वळणावर झिमझिम पाऊस लागला. समोर एक सायकलवाला आला म्हणून तात्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायची सोडून आडवी सरकत गेली ती थेट फुटपाथच्या कडेला जाऊन टेकली. लागलं कुणालाच नाही. तात्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली असती, पण ठकीच्या पोटात काही राहतं का? रात्री जेवताना तिने दोन्ही हात पसरून आईला करून दाखवलं, "आमची गाडी अशी नाचली!" आणि आईचा घास हातातच राहिला.

ठकीची आई म्हणजे तात्यांची एकुलती एक लेक, ताई. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची, त्यामुळे तिच्यापुढे अंधूक काही चालत नसे.

"सोमवारपासून ठकी व्हॅनने शाळेत जाईल," ती म्हणाली. "त्यांच्याकडे एकच जागा उरलीय. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. एकदा हो म्हटलं की वर्षभराचं."

"अगं, पण टायर घासलेत कुठे? चांगले आहेत!"

"मग गाडी नाचली का? तिला गाणं आवडलं म्हणून?"

"पाऊस होता, ताई."

"पाऊस पुन्हा येणार नाहीये का? ते टायर बदला, मला पटवून द्या, मग बघू. तोवर ठकी त्या गाडीत बसणार नाही. म्हणजे नाही."

तात्या रात्रभर कूस बदलत राहिले. घरापासून शाळेपर्यंतचा तो सकाळचा रस्ता हाच त्यांचा दिवस होता. त्या रस्त्यात ठकीला प्रश्न पडायचे. चंद्र आपल्यामागे का येतो, पुलाला मध्ये फट का ठेवतात, दूध उतू जातं तसं पाणी का जात नाही. तात्या गाडी चालवता चालवता उत्तरं द्यायचे आणि एखादं उत्तर येत नसलं, तर दुपारी शोधून ठेवायचे. व्हॅनमध्ये ठकीला असले प्रश्न कोण विचारू देणार? आणि मग दुपारभर तात्यांनी शोधायचं तरी काय?

अडचण अशी की टायर वाईट आहेत हे त्यांना मनापासून पटत नव्हतं. उभा जन्म त्यांनी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढला होता. तिथं रॅकवर ठेवलेली आणि कुणी न वापरलेली वस्तू नवी, वापरलेली वस्तू जुनी. तोच हिशोब त्यांनी घरातही लावला होता. पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेल्या आणि पाहुण्यांच्या पायाला कधी न लागलेल्या रबरी चपला त्यांच्या लेखी अजून नव्या होत्या. गाडी शाळेपलीकडे फारशी जात नसे. शिवाय दर रविवारी ते टायरना काळं पॉलिश लावत. मग टायर जुने होतीलच कसे?

ताई दुकानात जायला निघाली, तसे तात्यांनी पायात सँडल सरकवले. "चल ठके, टायर तर बघून येऊ."

ठकी गाडीच्या दाराशी न जाता सरळ फाटकाकडे गेली.

"इकडे ये. पाऊस नाहीये आता. पटकन जाऊ नि येऊ."

"आई म्हणालीय बसायचं नाही."

तात्यांनी किल्ली खिशात घातली, बाहेर काढली, पुन्हा खिशात घातली. मग दोघं चालतच निघाले.

टायरवाल्याचं दुकान चौकात होतं. आत रबराचा वास, जमिनीवर नळ्यांची वेटोळी आणि भिंतीला टेकून छतापर्यंत रचलेले टायर. दुकानदार स्टुलावर बसून चहात बिस्किट बुडवत होता.

"या काका. गाडी कुठाय?"

"घरी आहे. चालत आलो."

"मग माप कसलं घेऊ? चपलांचं?"

ठकी फिसकन हसली. तात्यांनी मात्र गाडीचं माप तोंडपाठ म्हणून दाखवलं. दुकानदाराने भुवया उंचावल्या. "जुनी गाडी आहे. या मापात आता फार काही येत नाही. आणि तुम्हाला पावसाळी हवेत की..."

"बारमाही. ऊन, पाऊस, थंडी, सगळ्याला चालणारे. टायर बदलत बसणाऱ्यातला मी नाही."

"म्हणजे ऑल सीझन. त्यात दोन आहेत." त्याने दोन टायर घरंगळत आणून पुढ्यात उभे केले. "हा टणक. टिकेल भरपूर. आणि हा मऊ. ओल्या रस्त्याला चिकटून बसतो, पण झिजतो लवकर."

तात्यांचा हात आपोआप टणक टायरवर गेला. वर्षानुवर्षं तो हात टिकाऊ वस्तूवरच गेला होता. "टिकाऊ तो बरा."

"दोन्ही विकायलाच ठेवलेत, काका. आधीचे कोणत्या सालातले आहेत?"

"साल कशाला? नवेच आहेत म्हणा. घासलेले नाहीत."

"बाजूला चार आकडे कोरलेले असतात बघा. शेवटचे दोन म्हणजे कोणत्या साली बनले ते. घरी गेल्यावर वाचा."

"मी दर रविवारी पॉलिश करतो त्यांना."

"पॉलिशने तोंड उजळतं, काका. वय कमी होत नाही. नाहीतर मी नसतं लावलं?" आणि त्याने आपल्या टकलावरून हात फिरवला.

तात्यांचं सुरू झालं. हा टायर दाबून बघ, तो दाबून बघ, बाहेर रस्त्याकडे बघ, घड्याळाकडे बघ. शेवटी "सांगतो" म्हणून ते बाहेर पडले आणि इतके झपाझप चालायला लागले की ठकीला पळावं लागलं.

घरी पोचताच ठकी गाडीशी गुडघे टेकून बसली आणि पॉलिश बोटाने पुसून आकडे वाचायला लागली. मग तिने डोळे मोठे केले.

"तात्या! हे माझ्या जन्माच्या आधीचे आहेत! माझ्यापेक्षा मोठे!"

"हं."

"मग यांना अहोजाहो करायचं का?"

तात्या हसले नाहीत. "वय होऊन काय होतंय? झिजले नाहीत ना! रस्ता धरून ठेवतात त्या खाचा. पाणी खाचांतून बाहेर पळतं आणि रबर जमिनीला टेकतं. थांब, तुला करूनच दाखवतो." कुणाला काही करून दाखवायचं म्हटलं की तात्यांचा जीव जरा थाऱ्यावर यायचा.

त्यांनी अंगणातल्या गुळगुळीत फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. एक वीट घेतली, सुतळी घेतली. मग ताईच्या न्हाणीघरातल्या झिजक्या चपलांतली एक आणली. तिच्या तळाची नक्षी जवळजवळ पुसून गेली होती. आणि कपाटातून पाहुण्यांच्या चपलांतली एक. तिची नक्षी अगदी खोल, कोरल्यासारखी.

"आता चपलेवर वीट ठेवायची, सुतळी बांधायची आणि ओढायचं. जी पटकन घसरेल ती वाईट. सांग बघू, कुठली घसरेल?"

"आईची. ती गोटा झालीय."

"शाब्बास. ओढ."

ठकीने ताईची चप्पल ओढली. ती हलेना. ठकीने पाय रोवले, दात खाल्ले, तेव्हा कुठे चप्पल कुरकुरत इंचभर सरकली.

"आता ही."

पाहुण्यांची चप्पल बांधली. ठकीने सुतळी नुसती ताणली आणि वीट घेऊन चप्पल सुळकन तिच्या पायाशी आली. ठकी मागे पडता पडता वाचली.

"वीट नीट बसली नव्हती," तात्या म्हणाले. त्यांनी वीट मधोमध ठेवली. चप्पल सुळकन आली. त्यांनी सुतळी बदलली. चप्पल आली. त्यांनी फरशी पुसली, नव्याने पाणी ओतलं, चप्पल उलटसुलट तपासून फरशीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मांडली आणि या वेळी स्वतः ओढली. चप्पल आली.

"तात्या," ठकी हळूच म्हणाली, "तुम्ही हरलात म्हणून परत परत खेळताय."

तात्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या. ताईच्या चपलेत नख दाबलं. खूण उमटली. पाहुण्यांच्या चपलेत दाबलं. नखच वाकलं. ती कपाटात बसल्या बसल्या लाकूड झाली होती. कुणाच्या पायाला न लागता, रॅकवर नवी राहून.

ते उठले, गाडीपाशी गेले आणि टायरवर नख दाबलं. मग खाचेच्या तळाशी दाबलं. मग बाजूला, जिथं पॉलिशच्या खाली केसासारख्या बारीक भेगा होत्या. नख कुठेच बसेना. काल फुटपाथची कड तिथं नसती तर? सायकलवाला जरा अलीकडे असता तर? मागच्या सीटवर ठकी बसली होती. सकाळचं नाणं तात्यांच्या खिशातून खाली पडलं, ते त्यांनी उचललंही नाही.

ठकीला त्यांनी शेजारच्या मावशींकडे बसवलं आणि एकटेच गाडी घेऊन निघाले, इतक्या सावकाश की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले.

"मऊ टायर द्या," त्यांनी दुकानात शिरताच सांगितलं.

"सकाळी तर टणक म्हणत होता. लवकर झिजतील हं. मग भांडायला येऊ नका."

"झिजू देत. झिजले की दुसरे घ्यायला येईन. चारही बदला." दुकानदाराने जॅक लावला. तात्या डिकीपाशी उभे राहिले. आत स्टेपनी होती, रस्त्याला एकदाही न टेकलेली. तिच्यावरची बारीक रबरी केससुद्धा शाबूत होते. त्यांनी डिकी लावली. दोन पावलं गेले. परत येऊन उघडली.

"हीसुद्धा," ते म्हणाले.

"अहो, ही तर कोरी आहे!"

"कोरी आहे म्हणूनच."

ताई परतली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती आणि पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. ठकीने दारातच तिला चपलांची सगळी गोष्ट एका दमात सांगितली. ताईने पर्स ठेवली नाही, पाणी घेतलं नाही. ती म्हणाली, "ठके, मावशींकडे जा. तात्या, चला त्या वळणावर."

तात्यांनी गाडी काढली, ती शेजारी बसली. वळणाअलीकडे रस्ता रिकामा होता. "दाबा," ती म्हणाली.

तात्यांनी ब्रेक दाबला. गाडीने मान खाली घातल्यासारखं केलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"पुन्हा," ताई म्हणाली. त्यांनी मागे घेऊन पुन्हा केलं. मग ती म्हणाली, "उतरा, मी बघते," आणि तिने स्वतः करून बघितलं. तात्या पावसात फुटपाथवर उभे राहून बघत होते आणि गाडी थांबली तरी त्यांचा उजवा पाय जमीन दाबतच होता.

घरी येताच ताईचा फोन वाजला. व्हॅनवाला होता. तात्या उगाच फाटकाची कडी काढ, लाव, काढ, असं करायला लागले.

"हो, दादा... नाही, ती जागा द्या दुसऱ्या कुणाला. आमची जाते आजोबांबरोबर." तिने फोन ठेवला आणि तात्यांकडे वळली. "हे झिजले की मला सांगाल?"

"सांगेन की."

"तुम्ही नाही सांगायचे. तुमचं स्टोअर मला माहीत आहे." तिने ठकीला हाक मारली. "ठके, रोज गाडीत बसण्याआधी नाणं घालून बघायचं आणि नख दाबून बघायचं. खूण उमटली नाही तर बसायचं नाही. तात्यांनी कितीही गोड बोलावलं तरी."

"रोज?" तात्या म्हणाले. "अगं, टायर काय एका रात्रीत म्हातारे होतात?"

पण ठकी तोवर अंगणात पोचली होती. फरशीवर पडलेलं नाणं तिने उचललं, पावसात उकिडवी बसली आणि पुढच्या टायरमध्ये नख दाबून म्हणाली, "बसलं!" मग ती मागच्या टायरकडे गेली. मग दुसऱ्या बाजूला. आणि पहिल्या वेळी नीट बघितलं नसेल म्हणून पुन्हा पुढे.