समासातला वाचक

भानुमतीबाईंचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि अनंतरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणावं तर तसंही नाही. पत्र त्यांना पाठ होतं.

"मा. ग्रंथपाल यांस, आपल्या वाचनालयातल्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं बारीक शेरे मारणारा वाचक कोण आहे? ही तक्रार नव्हे. एका कादंबरीत पान १४३ वर त्यानं 'इथं लेखक घाबरला' असं लिहिलंय. मी दोन दिवस हसत होते. एका प्रवासवर्णनात 'हे गृहस्थ तिथं गेलेच नसावेत' असं आहे. मी तीस वर्षं खुलताबादच्या शाळेत भूगोल शिकवला. माझंही तेच मत. तरी त्यांचं नाव कळवावं. ते जमत नसेल तर ते कोणती पुस्तकं नेतात एवढं तरी कळवावं, म्हणजे मीही तीच नेईन."

बाई आठवड्यातून दोनदा सिडकोतल्या त्या वाचनालयात येत, अनंतरावांच्या टेबलासमोर उभ्या राहून पुस्तक बदलत. तरी त्यांनी हे पोस्टानं विचारलं, कारण टेबलाशेजारी बन्सी शिपाई बसे, आणि बन्सीच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या बसनं त्याच्या गावी, करमाडला पोचत असे.

उत्तर न देण्याची कारणं दोन. पहिलं चारचौघांत सांगण्यासारखं होतं. कुणी कोणतं पुस्तक नेलं ते कुणालाही सांगायचं नाही, हा नियम अनंतरावांनीच घातलेला. पुस्तकातल्या कार्डावर नाव नसे, नुसता सभासद क्रमांक. पुस्तक परत आलं की अनंतराव तो निळ्या शाईनं असा गिरवून टाकत की ब्रह्मदेवालाही वाचता येऊ नये. क्रमांकांपुढं नावं आणि नेलेली पुस्तकं लिहिलेल्या वह्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली अनंतरावांच्या जानव्याला.

दुसरं कारण मात्र कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं. ते शेरे त्यांचेच होते. डोक्यावर "पुस्तकांवर काहीही लिहू नये" अशी पाटी आणि पाटीखाली बसलेला माणूसच घरी जाऊन समास रंगवतो, हे कळलं असतं तर तोंड कुठं लपवायचं? शिवाय उत्तर लिहायचं म्हटलं तर अक्षर आलंच. बाईंनी ते पाकीट उघडताक्षणी ओळखलं असतं.

अशात २०१९ चा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस असा नव्हताच. शहरात नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी, आणि तरी बीड बायपासच्या पलीकडं इमारतींवर इमारती चढत होत्या. शेंद्र्याच्या, वाळूजच्या कंपन्यांतली माणसं त्यांत राहायला येत, वाचनालयाचे सभासद होत, आणि भाड्याचा फ्लॅट बदलला की पुस्तकासकट नाहीशी होत. वर्षभरात त्रेपन्न पुस्तकं गेली. नवे कार्यवाह विश्वजित एका कंपनीत माणसांच्या हजेरीचं खातं सांभाळत. त्यांनी उपाय काढला: सभासदाचा आधार क्रमांक घ्यायचा आणि पुस्तक देता-घेता मशीनवर अंगठा.

"काका, वह्या द्या. सगळं कॉम्प्युटरात भरून घेतो," असं ते म्हणाले, तेव्हा अनंतरावांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायचं राहून गेलं आणि जानव्याची किल्ली सोडून दिली गेली. आधारच्या बाजूची आणि विरुद्धची कात्रणं ते दोन पाकिटांत जपून ठेवत. दोन्ही पाकिटं सारखीच फुगलेली. जे पाकीट शेवटी वाचलं त्याचं म्हणणं त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत पटत असे.

रविवारी सकाळी सभा भरली. साठ-सत्तर माणसं, समोर मोठा टीव्ही, त्याला जोडलेली काडेपेटीएवढी अंगठ्याची मशीन. भानुमतीबाई दुसऱ्या रांगेत. विश्वजितची बायको अश्लेषा पहिल्या रांगेत, मोबाइलवर फोटो काढायला सज्ज.

"अंगठा लावला की सभासदाचं नाव, फोटो आणि आजवर नेलेली सगळी पुस्तकं पडद्यावर येणार," विश्वजित म्हणाले. "आणि पुस्तकाचं नाव टाकलं की ते आधी कुणी कुणी नेलं, तेही."

कित्येक पुस्तकं अशी होती की ती वाचनालयात दोघांनीच नेली होती. एक भानुमतीबाई, दुसरा सभासद क्रमांक एक, म्हणजे स्वतः अनंतराव. बाईंना पुढचं सांगायला कुणी लागणार नव्हतं.

"काका, बोहनी तुमच्या हातानं!"

अनंतरावांनी अंगठा टेकवला. मशीननं लाल दिवा दाखवला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. चाळीस वर्षं खळ लावून आणि पानं उलटून अंगठा गुळगुळीत झाला होता.

"काका, तुमी बी माझ्या मायवाणी झाले की!" बन्सी मागून ओरडला. हशा पिकला तसा तो पुढं सरसावला. "हसू नका, खरंय. माय रेशनला गेली की मशीन तिला वळखतच नाय. दुकानदार म्हणतो, सरूबाई, हात धुऊन ये. आता आमच्यात टँकर येतो आठ दिसाला. माय म्हणली, पेयाला पाणी नाय अन् तुझ्या मशीनसाठी हात धू व्हय रे? मी सरूबाई हाय हे अख्ख्या गावाला ठावं हाय, तुझ्या डबड्यालाच तेवढं नाय!"

"मग मिळालं का धान्य?" कुणीतरी विचारलं.

"तिसऱ्या खेपेला. डाव्या हाताच्या करंगळीवर. तवापासून करंगळीला लई जपती. भांडी घासताना वर धरती."

विश्वजितही हसले. "असू दे. नाव टाईप करूनही उघडतं. टाकतो तुमचं नाव." आणि ते कळफलकाकडं वळले.

"नका," अनंतराव म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की विश्वजितांनी अ-नं-पर्यंत टाईप केलं.

"नका म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत अनंतरावांनी सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचण्यापलीकडं तोंड उघडलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडं बघू लागले. पण आता तोंड तर उघडलं होतं.

"का हो काका? ज्याच्याकडं लपवण्यासारखं काही नाही त्यानं कशाला घाबरायचं?"

"माझ्याकडं आहे."

"काय आहे?"

"ते सांगितलं तर लपवलेलं कसं राहील?"

हशा असा उसळला की पंख्याचा आवाज ऐकू येईना. विश्वजितांचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे! मी लावतो अंगठा. माझं आयुष्य उघडं पुस्तक आहे. बघा सगळ्यांनी!"

हिरवा दिवा लागला. पडद्यावर त्यांचा फोटो आला आणि खाली यादी. पहिल्या ओळीपासून एकच नाव उतरत गेलं: 'रागावर विजय'. पुन्हा 'रागावर विजय'. पुन्हा तेच. पहिलं पान संपेपर्यंत नऊ वेळा.

"नऊ वेळा?" अश्लेषा अख्ख्या सभेला ऐकू जाईल अशी म्हणाली. "अहो, मग अजून गुण का नाही आला?"

"हे चूक आहे!" विश्वजितांनी टेबलावर मूठ आपटली. "कुणी भरलंय हे? कोण हसतंय तिकडं?"

ते ओरडतील तितके लोक हसत होते. बंद करायचं बटण सापडेना आणि यादी आपोआप खाली सरकू लागली. तिसऱ्या पानावर काय असेल ते त्या क्षणी दोघांनाच ठाऊक होतं, कारण ती पुस्तकं अनंतरावांनीच काढून दिली होती. 'रागावर विजय'च्या आधीच्या वर्षी विश्वजितांनी चार पुस्तकं नेली होती, आणि ती नेताना त्यांचे डोळे सुजलेले होते.

अनंतरावांनी उन्हासाठी आणलेली काळी छत्री उचलली, टीव्हीपुढं जाऊन उघडली आणि पाठ पडद्याला लावून उभे राहिले.

"काका, काय करताय?"

"आधी ते बंद करा."

"अहो, पण ही माझी यादी आहे. तुम्हाला काय?"

"कुणी काय वाचलं ते सांगायचं नाही. नियम आहे," अनंतराव म्हणाले. छत्रीच्या काड्या पडद्यावर टकटक वाजत होत्या. "तुमचंसुद्धा नाही."

विश्वजित वाकले आणि भिंतीतली वायरच उपटली. मग उभे राहून म्हणाले, "कॉम्प्युटर ठेवू. पुस्तक कुणाकडं आहे तेवढं त्यात राहील. परत आलं की नाव पुसायचं, काका गिरवतात तसं. अंगठा नको, आधारही नको. कुणाची हरकत?"

"मग ती त्रेपन्न?" एकजण म्हणाला.

"मी आणतो की," बन्सी म्हणाला. "निम्म्यांची नवी घरं मला ठावं हाईत. पुस्तक नाय दिलं तर चहा पिऊनच उठीन."

त्यावर ठराव एकमतानं झाला.

माणसं पांगली. अनंतराव छत्री मिटत होते, तेव्हा भानुमतीबाई टेबलापाशी आल्या.

"मी एक पत्र टाकलं होतं. मिळालं?"

"मिळालं."

"फाडून टाका ते. दुसऱ्याचं नाव मागायला नको होतं मी. शिक्षिका असून कळलं नाही मला. उत्तर दिलं नाहीत ते बरं केलंत. आज बघितलं, तुम्ही शब्दाचे किती पक्के आहात. त्या बिचाऱ्याच्या मागावर राहणंही सोडते आता. चांगला लिहायचा, पण त्याला त्याच्या समासात सुखानं राहू द्यावं."

त्यांनी हातातलं पुस्तक ठेवलं, नवीन नेलं नाही आणि गेल्या.

अनंतराव घरी आले. जेवले नाहीत. नियमाच्या छत्रीखाली विश्वजितला घेतलं ते ठीक. पण आपण चौदा महिने तिच्याखाली उभे होतो ते कशासाठी? त्यावर बाई शाबासकी देऊन गेल्या. शिवी परवडली असती. आणि शोधही सोडला. अनंतराव चाळीस वर्षं समासात लिहीत होते, आणि ते कुणी वाचत असल्याचं कळवणारी ही एकच बाई निघाली होती.

त्यांनी टेबल ओढलं. पेननं तीन कागद बिघडवले. मग पेन्सिल घेतली.

"सौ. भानुमतीबाई यांस," लिहिलं, 'सौ.' बरोबर आहे की नाही ते माहीत नव्हतं, म्हणून खोडलं. "कुणाचं नाव सांगू नये हा नियम दुसऱ्यांच्या नावांसाठी आहे. स्वतःचं सांगायला हरकत नसावी, असं वाटतं. अक्षरावरून ओळखलं असेलच. उशिराबद्दल क्षमा असावी. पान १४३ वर लेखक घाबरला हे मला इतक्या खात्रीनं कळलं, कारण तो विषय माझ्या अभ्यासाचा आहे. प्रवासवर्णनाबद्दल तुमचं मत सविस्तर ऐकायला आवडेल. पुढच्या पुस्तकांची यादी सोबत जोडली आहे. त्यांत डावा समास मी वापरतो. उजवा रिकामा आहे."

खाली "उत्तर नाही आलं तरी चालेल" असं लिहिलं, आणि खोडरबर घेऊन पुसून टाकलं, कारण ते खरं नव्हतं.

ऊन कलायला लागल्यावर ते चौकातल्या लाल पेटीपाशी गेले. पाण्याचा टँकर रस्ताभर शिंतोडे उडवत गेला तोवर थांबले. पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. मग ते आत टाकलं, आणि तोंडाशी अडकून राहिलं नाही ना, म्हणून फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.